दारुड्याच्या बायकोचा ब्लाऊज

समोरच्या घरातल्या वहिनींनी मोबाईल माझ्या नाकाशी धरला आणि म्हणाल्या, "ह्यो बघा. अस्साच पायजे. त्या दारुड्याची बायको घालती तसला."

फोटोत सिरीयलमधली बाई रडत होती. मागं तिचा नवरा जमिनीवर लोळत होता, बाजूला बाटली आडवी पडली होती, आणि बाईच्या अंगात बोटनेकचा, कोपरापर्यंत बाह्यांचा, जरीकाठ लावलेला ब्लाऊज. वहिनींनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, तशी बाई आणि तिचं रडणं पडद्याबाहेर गेलं आणि नुसती बाही उरली. "काठ असा वळवून लावायचा. जमंल न्हवं?"

जमेल, मी म्हटलं. उचगावात माझं शिवणकामाचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, आणि या खोलीत न जमणारा ब्लाऊज अजून आलेला नाही. पण छातीचं माप घेताना माझ्या हातनं टेप इतकी आवळली गेली की वहिनी ओरडल्या, "अवो, श्वास तरी घिऊ द्या!" राग आला की मला टेपचं भान राहत नाही.

राग येणारच. मी दारुड्याची बायको आहे. पडद्यावरची नव्हे, घरातली. नवरा पीत होता त्या काळात मी दुसऱ्यांच्या लग्नाचे ब्लाऊज शिवले आणि स्वतः गिऱ्हाइकांच्या उरलेल्या कापडाची ठिगळं जोडून घातली. माझ्याकडं बघून 'असलाच पायजे' असं कुणी म्हणालं नाही.

नवरा शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत साचे भरतो. तो बरा झाला असं मी कुणाला सांगत नाही. आज पीत नाही, एवढं सांगते. हे तो ज्या मीटिंगला जातो तिथनं शिकले. एका शाळेच्या खोलीत संध्याकाळी काही माणसं जमतात, सगळी एकेकाळची पिणारी. लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसतात, प्रत्येक जण आपलं सांगतो, कुणी कुणाला उपदेश करत नाही. घसरलेला असेल तर तेही सांगतो. मग चहा पितात आणि घरी जातात. जन्मभर पिणार नाही असं तिथं कुणी म्हणत नाही. आज नाही, बस्स. उद्याचं उद्या.

आणि नेमकी त्याच वेळेला ती सिरीयल लागते. आमच्या गल्लीत ती इतक्या घरांत लागते, की या टोकाला सुरू झालेलं वाक्य चालत चालत त्या टोकापर्यंत पुरं ऐकता येतं.

त्यातला दारुडा कसा, तर केस विस्कटलेले, शर्टाची बटणं खालीवर, हातात बाटली, आणि चालताना भिंत सोडून सगळीकडं पडतो. हे लिहिणाऱ्यानं दारुडा एक तर बघितलेलाच नाही, नाहीतर फक्त वरातीत बघितलाय. माझा नवरा कधी झोकांड्या खात घरी आला नाही. जेवढा जास्त प्यालेला, तेवढा सरळ चालायचा. केसाला तेल, भांग काढलेला, तोंडात लवंग. चपला एकीशेजारी एक, नीट. आणि गोड बोलायचा! "आमटी झकास झालीया" असं म्हणाला की मी ओळखायचे, आज प्यालाय. शुद्धीतला कोल्हापुरी नवरा बायकोच्या आमटीला झकास म्हणत नाही, दुसऱ्यांदा वाढून घेतो.

सिरीयलमध्ये प्याल्यावर हात थरथरतो. खरा हात प्यायला नाही मिळालं की थरथरतो. सकाळी बशी तोंडापर्यंत नेईस्तोवर निम्मा चहा शर्टावर, म्हणून तो चारचौघांत बशी उचलायचाच नाही. एक घोट पोटात गेला की तोच हात दगडासारखा, आणि त्याच हातानं दिवसभर वितळलेल्या लोखंडाच्या लालभडक रसाशेजारी काम करायचा. कारखान्यात कुणाला संशय नाही. पाहुण्यांत तर शांत स्वभावाचा म्हणून नावाजलेला. मी कुणाला सांगितलं तर ते माझ्याकडंच बघायचे.

शिवाय सिरीयलवाल्यांना कारण लागतं. तिथं जावेनं गैरसमज करून दिला, नवऱ्याचं मन मोडलं, म्हणून तो प्यायला लागला. झालं, कारण म्हणजे बाईच. आमच्याकडं असलं काही कारण नव्हतं. पगाराच्या दिवशी प्याला, मग पगार नसतानाही प्याला. पण दारू उघडी पडल्यावर पाहुणे सिरीयल बघून यायचे आणि विचारायचे, "घरात काय कमी हुतं तुला?" विचारायचे त्याला, बघायचे माझ्याकडं. मी तरी काय कमी ठेवलं होतं? शिव्या तर भरपूर घातल्या होत्या.

आणि बरं होणं? ते तर विचारूच नका. एका भागात आईनं कानाखाली मारली, दुसऱ्या भागात देवीपुढं आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, घंटा वाजल्या, आणि तिसऱ्या भागात हा गडी दाढी करून, पांढरा झब्बा घालून बायकोच्या हातची खीर खातोय. झाला बरा. माझ्या नवऱ्याची दारू थांबली तेव्हा तो दवाखान्यात चादरीवरच्या मुंग्या वेचत होता. चादरीवर मुंग्या नव्हत्या. पिणाऱ्यानं घरच्या घरी एकाएकी बंद करू नये, माणूस दगावतो, हे मला डॉक्टरांनी सांगितलं. घंटा वाजवणाऱ्यांना हे कुणी सांगितलं नाही? लाखो घरांत दाखवता, एका डॉक्टराला विचारायचं होतं. पुढं घरी आल्यावरही खीर नव्हती. तो दिवसभर गूळ खायचा आणि भिंतीकडं बघायचा. त्याला राग यायचा, मला राग यायचा. कशावर बोलायचं तेच दोघांना उमजत नव्हतं, कारण इतकी वर्षं आम्ही एकाच गोष्टीवर भांडत आलेलो. तरी तो मीटिंगला जात राहिला. तिथनं आला की थोडा हलका असायचा, मग आम्ही जेवायचो.

हे सगळं मी सहन केलं असतं. टीव्ही बंद करता येतो. पण माझ्या सासूबाईंनी तो शपथेचा भाग बघितला.

सासूबाईंना मी आत्ती म्हणते. त्या पेठ वडगावकडच्या, बोलायला फटकळ, मनानं वाईट नाहीत. पोराच्या दारूसाठी त्यांनी जेवढे उपास केले तेवढ्यात दुसरी कुणी वाळून गेली असती. त्या भागाला त्यांनी पदर डोळ्याला लावला आणि दुसऱ्या दिवशी थोरल्या दिरांना बोलावून घेतलं. "आपल्यात पण बेल-भंडारा उचलून घ्यायचा. मग काळजीच न्हाई."

आमच्याकडं पक्की शपथ म्हणजे बेल-भंडारा. ताटात बेलाची पानं आणि हळद, देवासमोर ती हातात उचलून शब्द द्यायचा. मोडली तर देव बघून घेतो. निवडणुकीत माणसं फुटू नयेत म्हणून पुढारीसुद्धा त्यांच्याकडनं भंडारा उचलून घेतात, आणि माणसं हळदीच्या हातानंच फुटतात, हे अख्ख्या जिल्ह्याला माहीत आहे. पण ते राजकारण. घरातला भंडारा मात्र खरा.

नवरा म्हणाला, "आई, तसलं नको. आमच्यात जन्माचं बोलत न्हाईत. आज पेलो न्हाई, एवढंच."

"आज न्हाई म्हंजे उद्या पेणार व्हय?" आत्ती म्हणाल्या.

मी मध्ये पडले. म्हटलं, "आत्ती, ह्यांचं चाललंय ते बरं चाललंय. शपथ नका घालू. शपथ घेतली की रोज मीटिंगला कोण जाईल मग?"

थोरले दीर मिशीवरनं हात फिरवत म्हणाले, "शपथ घ्यायला भितोस म्हंजे मनात हाय की अजून. चोराच्या मनात चांदणं."

 नाही म्हटलं तर चोर.  आणि आत्तींनी वर सिरीयलमधलंच केलं. त्याचा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "माझ्या गळ्याची शपथ हाय तुला. पेलास तर मी मेलो." त्यानं दुसऱ्या हातानं भंडारा उचलला. दिरांनी पेढे वाटले. माझा पेढा मी ताटात परत ठेवला. सगळ्यांना वाटलं, हिला आनंद झाला नाही.

मग आखाड आला. श्रावणाआधी आखाडी जेवणावळी होतात. कारखान्यातल्या लोकांनी एका मळ्यावर मटण केलं, तांबडा-पांढरा रस्सा, आणि हा तिथं गेला. पूर्वी अशा जेवणाला जायचं असलं की तो आधी मीटिंगमध्ये बोलायचा, त्यांच्यातला एखादा फोन करायचा, कधी जायचंच टाळायचा. आता घरच्यांनीच सांगितलं होतं, "भंडारा उचललाय, आता कशाची भीती? जा बिनधास्त." गेला बिनधास्त.

मला लगेच कळलं नाही. पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी तो म्हणाला, "आमटी झकास झालीया."

मी पळी खाली ठेवली. त्याच्या केसांकडं बघितलं. तेल होतं. भांग होता. चपला दारात एकीशेजारी एक, नीट.

आत्तींना सांगितलं, तर त्या माझ्यावरच उखडल्या. "देवाचा भंडारा उचललाय त्यानं! आणि हात बघ त्याचा, किती थिर हाय. दारुड्याचा असा असतो व्हय? ती सिरीयलमधली बघ. कसा विश्वास ठेवती नवऱ्यावर. तुझं मनच वंगाळ." दीर फोनवर म्हणाले की घरातली लक्ष्मीच संशय घेत असेल तर पुरुषानं करायचं काय. मी त्या दिवशी कुणाच्या तरी लग्नाचा ब्लाऊज कातरताना गळा उलटा कापला. आजवर असं कधी झालं नव्हतं. मी दारू ओळखते. वासावरनं नाही, आमटीवरनं ओळखते. आणि माझ्या घरात माझ्या शब्दापेक्षा एका पगारी रडणाऱ्या बाईचा शब्द मोठा झाला होता.

त्यातच आत्तींना ताप आला. नवरा त्यांच्या उशाशी बसून राही, पाय चेपी, कपाळावर पट्ट्या ठेवी. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, पोरगा असावा तर असा. मीटिंगची वेळ झाली की घराबाहेर पडायचा, पण शाळेच्या दिशेनं नाही. मी त्याला परसात गाठलं आणि सरळ विचारलं.

 तो पाण्याच्या टाकीला टेकून रडायला लागला. "मी पेलो आणि आईला ताप आला. पंधरा दिवसांत आला, बघितलंस न्हवं? मी मारलं तिला. आता ऱ्हायलंय काय? आता पेलो काय आणि न पेलो काय."

"मग मीटिंगमध्ये सांगायचं होतं."

"काय सांगू? तिथं घसरलो म्हणता येतंय. पण आईच्या गळ्यावर पेलो हे कुठल्या तोंडानं सांगू?"

मला त्याच्यावर राग आला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आला नाही. राग आला तो त्या घंटा वाजवणाऱ्यांवर, झब्बा घालणाऱ्यांवर, खीर शिजवणाऱ्यांवर. घसरलेल्या माणसाला उठायला एक खोली होती. तुम्ही त्या खोलीच्या दारात त्याच्या आईला झोपवलंत. आता तिला ओलांडल्याशिवाय त्याला आत जाता येईना.

मी त्याला दंडाला धरून आत आणलं. आत्ती खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या, सिरीयलचं गाणं नुकतंच लागलं होतं. मी टीव्ही बंद केला.

"लाव ते," आत्ती म्हणाल्या.

"न्हाई लावत. ह्यांचं ऐका आधी."

तो दारातच उभा. मान खाली. "आई, मोडली. आखाडाच्या जेवणात. तवापासनं चालूच हाय. माझ्यापायीच तू आजारी पडलीस."

मला वाटलं आता कानाखाली बसणार. सिरीयलमध्ये बसली होती.   आत्तींनी पोराला जवळ बोलावलं, बाहीला धरून खाटेवर बसवलं आणि त्याच्या हाताकडं बघितलं. हात स्थिर होता. त्या माझ्याकडं वळल्या.

"ह्यो थिर हाय, म्हंजे पेलाय?"

"व्हय आत्ती. न पेता ह्यांचा हात कापतो."

त्यांना ते उमजायला वेळ लागला. इतके दिवस त्या हाताकडं बघून त्यांनी निवांत झोप घेतली होती. मग त्या पोराला म्हणाल्या, "ताप व्हय रं? ताप तर सगळ्या गल्लीला आलाय. सगळ्या गल्लीनं काय आईच्या शपथा मोडल्या?"

त्याला हसू आणि रडू एकदमच आलं.  आमच्याकडं शपथ ज्यानं घातली त्यानंच सोडवायची असते. त्यानं 'सुटली' म्हटलं की सुटते. लहानपणी आम्ही सगळ्यांनी एकमेकांना हजारदा म्हटलंय. पण इथं सुटली म्हणायचं म्हणजे एकुलता एक दोर स्वतःच्या हातानं सोडायचा. त्यांना तो दोरच वाटत होता, आणि तो पोराच्या गळ्यात आहे हे त्यांना आत्ता दिसत होतं. मी देवाशप्पथ सांगते, त्या बाईसारखं धाडस मी कुठल्या पडद्यावर बघितलेलं नाही.

"सुटली," त्या म्हणाल्या. "माझी शपथ सुटली. देवाला मी बघतो काय सांगायचं ते. सुटली म्हंजे पी म्हटलं न्हाई मी, ध्यानात ठेव. कुठं जात हुतास ती शाळा कुठं हाय?"

"इथंच, चौकाच्या पलीकडं."

"माझं लुगडं दे गं. मी येतो त्याच्यासंगं दारापतूर."

अंगात ताप असलेली बाई चौकापर्यंत चालत गेली. मी मागनं. गल्लीभर तीच सिरीयल लागलेली, घराघरांतनं तेच रडणं. तो शाळेत शिरला आणि आत्ती पायरीवर बसल्या. आतनं बराच वेळ त्याचा एकट्याचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. टाळ्या पडल्या नाहीत. मग कपांचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याला डॉक्टरांकडं नेलं, त्यांनी गोळ्या दिल्या आणि काही दिवस कामावर जाऊ नका म्हणाले.

त्यानंतर एकदा, दिवेलागणीच्या आधी, समोरच्या वहिनी ब्लाऊज न्यायला आल्या. घालून आरशात वळून वळून बघितला. ब्लाऊज खरंच सुरेख झाला होता, खोटं कशाला बोलू. आत्ती चौकटीत बसून शेंगा सोलत होत्या.

"आत्ती, तुम्ही सगळे भाग बुडीवले की!" वहिनी म्हणाल्या. "त्या दारुड्याला दारू सोडली म्हणून बक्षीस दिलं. शाल दिली. केवढा मोठा हार घातला."

"मग? दुसऱ्या दिवशी काय केलं त्यानं?"

"दुसऱ्या दिवशी? आता नणंदंचं लगीन दावालेत."

"आणि त्यो?"

"त्यो बरा झाला न्हवं. त्यो लग्नात नाचतोय."

"बरा झाला म्हणं," आत्ती शेंगेला म्हणाल्या. मग आत बघून मोठ्यानं ओरडल्या, "अरं ए, येळ झाली की! चहा घे आणि जा."

नवरा बाहेर आला. केस कोरडे, भांग नाही, दाढी वाढलेली. मी चहा दिला. वहिनी समोर होत्या, तरी त्यानं बशीत ओतला आणि बशी उचलली. बशी वाजायला लागली. हात असा कापत होता की चहा तोंडापर्यंत गेलाच नाही, सगळा शर्टावर. त्यानं बशी खाली ठेवली, शर्ट तसाच घालून, चपला कशाबशा अडकवून तो शाळेकडं निघून गेला.

वहिनींनी त्या हाताकडं बघितलं आणि मग माझ्याकडं, डोळ्यांत पाणी आणून. सिरीयलमध्ये दारुड्याच्या बायकोकडं बघतात तसं. "परत सुरू झालं व्हय वो?" असं त्यांनी हळूच विचारलं.

आत्तींनी मांडीवरच्या शेंगा बाजूला सारल्या आणि दोन्ही हात जोडून देवाला नमस्कार केला.